तिसरी पाळी

आमच्या घरात पाळी हा शब्द अण्णांचा होता. म्हणजे वडलांचा. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, पाळीवर गेलेत, पाळी सुटली, पाळी बदलली. मिलमध्ये होते ना. तो शब्द दिवसातनं दहा वेळा मोठ्यानं बोलला जायचा, पाहुण्यांसमोर, जेवताना, रस्त्यात. बायकांचं जे असायचं त्याला मात्र कावळा शिवला, नाहीतर अडचण आहे, नाहीतर नुसतं 'बाहेरची आहे'. मी सातवीत असताना वर्गातल्या मैत्रिणीनं हळूच कानात विचारलं, तुला पाळी आली का गं, तर मी भाबडेपणानं सांगितलं, आमच्या अण्णांची या आठवड्यात दुसरी आहे. ती जी हसली ती अजून भेटली की हसते.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेली चार वर्षं मीच तिसऱ्या पाळीवर आहे. वय ५१, पतसंस्थेत कॅशला बसते, दहा ते सहा, रात्रपाळीशी काडीचा संबंध नाही. पण रात्री पावणेतीन ते सव्वातीनच्या मधे कधीतरी डोळे टक्क उघडतात आणि पाचपर्यंत मी ड्युटीवर. सुरुवातीला वाटलं पित्त असेल. मग वाटलं टेन्शन, मुलगी पुण्याला गेली म्हणून. मग वाटलं रात्री शेंगाचटणी खाल्ल्यानं होत असेल. शेंगाचटणीवर आळ घेतला याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि ते गरम होणं. आता सोलापुरात एप्रिल-मे मध्ये गरम होतंय म्हणून सांगायचं कुणाला? पारा ४२-४३ ला, डांबर चपलेला चिकटतंय, सगळ्यांच्याच अंगाची लाही होत असते. माझा पहिला उन्हाळा त्यातच गेला, हे गावाचं गरम आहे का माझं तेच कळलं नाही. कळलं जानेवारीत. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली, सगळे स्वेटर-मफलरात, आणि मी भेळेच्या गाड्यापाशी उभी असताना छातीतनं एक वाफ निघाली ती मानेवरनं थेट कानापर्यंत, ब्लाउज पाठीला चिकटला, आणि दोन-तीन मिनिटांनी उलटी थंडी वाजून अंगावर काटा. नणंद शेजारी होती. ती नर्स आहे. भेळेचा घास तोंडात तसाच ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, हे ऊन नव्हे."

तर ती वाफ म्हणजे काय हे मी नंतर बरंच वाचलं, काही समजलं, काही डोक्यावरनं गेलं. जे समजलं ते असं की मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून बदामाएवढा भाग असतो, अंगाचं तापमान तिथनं सांभाळलं जातं. तरुणपणी तापमान थोडं वरखाली झालं तर तिथला राखणदार दुर्लक्ष करतो, चालायचंच म्हणतो. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी व्हायला लागलं की शेजारच्या काही पेशी चेकाळतात आणि या राखणदाराची सहनशक्ती एकदम आकसते. मग एक कप चहानं, पोळ्यांच्या तव्यानं, कुणाच्या एका वाक्यानं तापमान कणभर जरी चढलं तरी तो बोंबलतो, आग लागली, आग लागली, की लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडा, घाम सोडा. आग कुठंच नसते. त्या चेकाळलेल्या पेशींनाच गप्प बसवणारं, हार्मोन नसलेलं एक औषध २०२३ साली अमेरिकेत मंजूर झालं, म्हणजे बघा, इतक्या पिढ्या बायका घामाघूम होत आल्या आणि नेमकी कुठली पेशी ओरडतेय यावरचं औषध परवा आलं.

घरात चादरीवरनं जे महाभारत झालं ते सांगायला नको. जगाला चादरी पुरवणाऱ्या गावात राहून मी रात्री चादर लाथाडायची, फॅन पाचवर, हे बिचारे दोन चादरी घेऊन मुटकुळं करून झोपायचे, मग मला थंडी वाजली की मी त्यांचीच एक ओढून घ्यायची. एकदा वैतागून म्हणाले, तू एकदा काय ते ठरव. म्हटलं, ठरवणारी मी नाही ना.

पहिल्या डॉक्टरांकडे गेले ते आमच्या ओळखीचे. त्यांनी मान वर न करता वय विचारलं आणि म्हणाले, होतं या वयात. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की सकाळी कॅश मोजताना पाचशेच्या नोटा दोनदा मोजायला लागायच्या, म्हणून पंधरा दिवसात सोडल्या. "होतं या वयात" हे वाक्य मला मग सगळीकडे ऐकू यायला लागलं. गुडघा दुखला, होतं या वयात. चिडचिड झाली, होतं या वयात. अहो होतं ते मलाही दिसतंय, का होतंय आणि कधी होतंय ते विचारा की.

'कधी' हा शब्द मी उगाच वापरला नाही. दुसऱ्या डॉक्टर, बाई होत्या, सात रस्त्याच्या पुढे त्यांचं छोटं क्लिनिक, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. किती वाजता? वाफ किती वाजता येते, जाग किती वाजता, चहा किती वाजता, रात्रीचं जेवण किती वाजता, उन्हात किती वाजता जाता. मी म्हटलं मॅडम असं काही बघितलं नाही. म्हणाल्या, मग पंधरा दिवस लिहून आणा, तोवर गोळी नाही.

लिहायला वही घेतली नाही, कालनिर्णय घेतलं. आमच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, मोलकरणीची सुट्टी आणि कोपऱ्यात एक बारीक टिंब, जे फक्त मला कळायचं, अशी सगळी नोंद असते. टिंब मी तेराव्या वर्षापासून करत आले. गेल्या काही वर्षांत ती टिंबं आधी पंचविसाव्या दिवशी, मग पन्नासाव्या, मग तीन-तीन पानं उलटली तरी नाही अशी पांगत गेली. सलग १२ महिने टिंब नसलं की त्याला मेनोपॉज म्हणायचं, त्याआधीची ही चार-पाच वर्षांची ओढाताण म्हणजे पेरिमेनोपॉज. आपल्याकडं बायकांची पाळी सरासरी ४६-४७ ला जाते, अमेरिकेत ५१ च्या आसपास. मराठीत याला रजोनिवृत्ती म्हणतात. निवृत्ती! जशी काय ग्रॅच्युइटी मिळणार आहे.

तर टिंबांच्या जागी आता आकडे आले. ६.२०, ६.४५, ३.१०, ६.३०, २.५५, ३.१५. पंधरा दिवसांनी पान बघितलं आणि मी चाट पडले. मला वाटायचं दिवसभर होतंय, कधीही होतंय. तसं नव्हतंच. वाफा बहुतेक दिवेलागणीच्या वेळी आणि जाग पहाटे तीनच्या आसपास. मॅडम म्हणाल्या बरोबर आहे, अंगाचं तापमान चोवीस तासात स्वतःहून वरखाली होतं, संध्याकाळी सगळ्यात जास्त आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात कमी, म्हणजे संध्याकाळी तुम्ही आधीच वरच्या काठाला असता, राखणदाराला ओरडायला निमित्तच हवं असतं. आणि पहाटे? पहाटेचं वेगळं. गाढ झोप पहिल्या अर्ध्या रात्रीतच बरीचशी उरकलेली असते, नंतरची झोप पातळ, वय वाढेल तशी आणखी पातळ, त्यात कशानंही जाग येते आणि आली की जात नाही.

मग मी या घड्याळाच्या मागंच लागले. खरं सांगते, मेनोपॉजपेक्षा मला ही गोष्ट जास्त आवडली. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेरां नावाच्या एका खगोलवाल्या माणसानं लाजाळूचं झाड अंधाऱ्या जागेत ठेवलं. लाजाळूची पानं दिवसा उघडतात, रात्री मिटतात हे आपल्याला माहीत आहे, त्याला बघायचं होतं सूर्य दिसलाच नाही तर काय करतील. तर अंधारातसुद्धा पानं वेळेवर उघडली आणि वेळेवर मिटली. भोंगा नाही, सूर्य नाही, तरी पाळी चुकली नाही. माणसाच्या बाबतीत हे घड्याळ त्याच हायपोथॅलॅमसमध्ये, डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर बसलंय, साधारण २० हजार पेशी, बस. या पेशींच्या आत प्रोटीन दिवसा-रात्री कसं साठतं आणि विरघळतं आणि त्यातनं चोवीस तास कसे तयार होतात हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. माशीवर! आमच्याकडं आंब्यावर घोंगावणाऱ्या माश्यांना पण घड्याळ आहे आणि ते माझ्यापेक्षा बरं चालतंय.

अजून एक गंमत. हे आतलं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं, बहुतेकांचं थोडं जास्त असतं. अमेरिकेत लोकांना सूर्य-घड्याळ काही दिसणार नाही अशा खोल्यांत ठेवून मोजलेलं आहे, आणि २०११ साली त्यातनं असं निघालं की पुरुषांचं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं, बायकांचं २४ तास ५ मिनिटांचं. सहा मिनिटांचा फरक. पण जवळजवळ एक तृतीयांश बायकांचं चोवीस तासांपेक्षाही कमी भरलं, म्हणजे त्यांचं अंग रोज थोडं आधीच 'चला उठा' म्हणणार. हे मी यांना वाचून दाखवलं. म्हणाले, सहा मिनिटांनी काय होतंय? म्हटलं, रोजची सहा, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, करा हिशोब. अर्थात हा हिशोब चुकीचा आहे, कारण रोज सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ते घड्याळ परत जुळवलं जातं, पण यांना कुठं माहीत होतं.

उजेडावरनं आठवलं. आपली घड्याळं अलाहाबाद-मिर्झापूरकडच्या ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत आणि सोलापूर ७५.९ वर. प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. म्हणजे सोलापूरचा सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागं चालतो, दुपारी डोक्यावर येतो तोच बारा पंचवीसच्या आसपास, महिन्यागणिक थोडं पुढं-मागं. अंग सूर्याचं ऐकतं, ऑफिस मिर्झापूरचं. मिलचा भोंगा पण मिर्झापूरचाच म्हणायचा.

भोंग्याबद्दल नीट सांगितलंच पाहिजे, कारण बाहेरच्या लोकांना कळत नाही. सोलापुरात कापडाची पहिली मिल १८७७ साली सुरू झाली, तिलाच नंतर जुनी मिल म्हणायला लागले, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा एकेक उभ्या राहिल्या आणि गावानं घड्याळ बघणं सोडलं. भोंगा ऐकायचा. सकाळी सातची पहिली पाळी, साडेतीनची दुसरी, रात्री बाराची तिसरी. शाळेला निघायचं ते भोंग्यावर, दूध तापवायचं ते भोंग्यावर. अण्णांची पाळी आठवड्याला बदलायची आणि तिसरीचा आठवडा आला की घराचं सगळं उलटंपालटं. रात्री अकराला आई त्यांच्यासाठी ताजी भाकरी थापायची, ते गेले की भांडी, मग पाठ टेकते न टेकते तोवर पाच, आमच्या शाळेचं, मग साडेसातला अण्णा कापसाच्या तुसानं पांढरे होऊन यायचे, अंघोळ, चहा, भाकरी, नऊला झोपायचे. खिडकीवर जाड चादर खिळ्यांनी ठोकलेली, आम्हाला बाहेर हाकललेलं, कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. अख्खी गल्ली अण्णांच्या झोपेला जपायची. आईच्या झोपेची वेळ कुठली होती हे मला आठवायचा प्रयत्न करूनही आठवत नाही.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टात कलमच होतं की बायकांना कारखान्यात संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कामाला लावायचं नाही. हल्ली ते नियम सैल झाले. पण तेव्हाही गंमत अशी की मिलमध्ये बाईला रात्रपाळी नाही आणि घरी मात्र नवऱ्याच्या तिन्ही पाळ्या तिच्याच. आमच्या शेजारी तर सासरा पहिल्या पाळीला, नवरा दुसऱ्या, दीर तिसऱ्या, म्हणजे त्या काकूंची चूल चोवीस तास. माणसाचं घड्याळ एका दिवसात फार तर तासभर सरकतं, विमानानं अमेरिकेला गेलेल्या माणसाला आठवडा लागतो. त्या काकू तर कुठंच गेल्या नव्हत्या.

मिल गेल्या, भोंगा गेला, तर नळ आला. म्हणजे पाण्याची वेळ. आमच्या भागात चार-पाच दिवसाआड पाणी, आणि ते कधी? कधी संध्याकाळी, कधी रात्री दोनला, कधी पहाटे साडेतीनला. चावीवाला येऊन चावी फिरवतो तेव्हा पाणी. पुरुष घोरत असतात असं मी म्हणणार नाही, आमचे हे मोटर लावायला उठतात, पण जाग कुणाला येते विचारा. नळाची ती कोरडी फुस्स होते ना, पाणी यायच्या आधी हवा निघते, त्या आवाजाला गल्लीतली एकूण एक बाई उठते. मागच्या घरात विड्या वळणाऱ्या अक्का आहेत, साठीच्या पुढच्या, तेलुगू. त्या पाण्याच्या रात्री झोपतच नाहीत, पानं भिजवून ठेवलेलीच असतात, सूप मांडीवर घेऊन दारातल्या बल्बखाली बसतात, पाणी येईपर्यंत शंभर-दोनशे विड्या होतात म्हणतात. एकदा मला तीनला गॅलरीत बघून खालनं म्हणाल्या, "काय करलालीस गं, पाणी आज नाही." म्हटलं, पाण्यासाठी नाही अक्का, झोप येईना. त्यांनी डोकं हलवलं, त्यांना काही नवल वाटलं नाही.

माझी नणंद म्हणजे या सगळ्याचा कळसच. ४८ वर्षांची, खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स, महिन्यातनं आठ-दहा नाइट. तिनंच मला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणारी शिफ्ट ड्युटी ही कॅन्सरचं 'बहुधा' कारण असणाऱ्या गोष्टींत टाकली आणि २०१९ मध्ये परत तपासून तेच म्हटलं. डेन्मार्कमध्ये वर्षानुवर्षं नाइट केलेल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या काही नर्सना आणि विमानातल्या मुलींना २००९ च्या सुमारास सरकारनं भरपाई दिली. बहुधा म्हणजे बहुधा, नाइट केली की होतोच असं नाही, हे तीच दहादा सांगते, पण रात्रीचा उजेड मेलॅटोनिन दाबतो हे नक्की, आणि ते एक हार्मोन अंधार पडल्यावर मेंदूतनं सुटून अख्ख्या अंगाला रात्र झाली म्हणून निरोप देत फिरत असतं. वय वाढलं की ते तसंही कमी व्हायला लागतं. तिची पाळी अजून चालू आहे पण वेळापत्रक नाही, आणि तिला कळत नाही की हे वयानं आहे का ड्युटीनं. कुणाला कळणार?

आता औषधाचं. हार्मोनच्या गोळ्यांना मी घाबरत होते, कारण 'कॅन्सर होतो' हे आमच्या पिढीला पक्कं माहीत आहे. ती भीती आली कुठनं तर २००२ मध्ये अमेरिकेत या गोळ्यांची एक फार मोठी चाचणी मधेच थांबवली गेली तिथनं. पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, बहुतेकींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षं झालेली. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईला फायदा सहसा जास्त असतो असं आता धरतात. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असं काही झालेलं असेल तर नाही. मॅडमनी मॅमोग्राफी, बीपी, साखर सगळं बघून मला सुरू केलं, मी घेतेय, वाफा फार कमी झाल्या. मी घेतेय म्हणून तुम्ही घ्या असं नाही, कृपा करून मला मेसेज करून गोळीचं नाव विचारू नका. पण निदान डॉक्टरला विचारा, कारण अमेरिकेतच जवळजवळ दीड हजार बायकांचा माग काढून २०१५ मध्ये सांगितलं की हा त्रास निम्म्या बायकांना सात वर्षांच्या वर चालतो. सात वर्षं 'होतं या वयात' म्हणत काढायची?

गोळीनं वाफ गेली, पहाटेची जाग नाही गेली. तिच्यावर मॅडमनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला फी परत मागावीशी वाटली. उठल्यावर तासाभरात बाहेर उजेडात जा. घरातली ट्यूबलाइट दोनशे-तीनशे लक्स देते (लक्स म्हणजे उजेडाचं माप), बाहेर जरा ऊन वर आलं की दहा हजारांच्या पुढं, डोळ्याला आपण फसतो पण त्या वीस हजार पेशी फसत नाहीत. चारनंतर चहा नाही, कारण चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात (हे सगळ्यात जड गेलं, पतसंस्थेत साडेपाचचा चहा म्हणजे धर्म आहे). रात्रीचं जेवण आठच्या आत. आणि जाग आली की गादीवर तळमळायचं नाही, उठायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि डोळे जड झाले की परत. मोबाइल नाही. हे सगळं लिहायला दोन मिनिटं लागली, जमायला मला आठ महिने लागले आणि अजून आठवड्यातनं दोन दिवस जमत नाही. सकाळी सिद्धेश्वर तळ्याला चक्कर मारायची ठरवली तर तीच नेमकी डब्याची वेळ, मग डबा यांनी भरायचा असं ठरलं. पोळ्या मी रात्री करून ठेवते. भाजी ते करतात, सकाळी गरम गरम, मीठ कधी कमी कधी दोनदा.

आई आता माझ्याकडंच असते, अण्णा गेल्यापासून. ७६ वर्षांची. साडेआठला झोपते, तीनला उठते, वय झालं की घड्याळ पुढं सरकतंच. दोन वर्षांमागं तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी काढली तर ही म्हणाली, सगळं निळं निळं दिसतंय गं, भिंती कुणी रंगवल्या? वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड आत जाऊ देत नाही, आणि शरीराच्या घड्याळाला नेमका तोच निळा उजेड लागतो. म्हणजे ती कितीतरी वर्षं पिवळ्या काचेमागं बसून होती. ऑपरेशननंतर तिची दुपारची पेंग कमी झाली असं मला वाटतं, पण मी तिच्या वेळा लिहिल्या नव्हत्या, त्यामुळं शपथेवर सांगणार नाही.

तर पहाटे तीनला आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी शेंगा सोलत बसते, ते मला मिळालेलं सगळ्यात कंटाळवाणं काम, ती समोर पाटावर. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते परवा विचारलं, आई, तुझी पाळी कधी गेली? ती आधी लाजली, ७६ व्या वर्षी. मग शेंग तोंडात टाकून विचार करत बसली.

"मिल बंद पडली ना, त्याच साली कवातरी."

नक्की?

"नक्की कुठलं. अण्णा घरी बसलेले, तू कॉलेजात, तुझ्या भावाची फी, मी मेसचे डबे सुरू केलेले. पोटात कालवायचं, रातभर अंग जळायचं. मला वाटलं काळजीनं होतंय. आठ-नऊ महिन्यांनी ध्यानात आलं की आता येत नाही." मग जरा थांबून हसायला लागली. "दोगांची पाळी एकदमच गेली बघ. त्यांच्या पाळीचा मोर्चा निघाला कलेक्टर हापिसावर."

मी इतक्या मोठ्यानं हसले की आतनं यांनी विचारलं काय झालं.

काल नणंदेचा फोन होता. तिलाही मी पंधरा दिवस वेळा लिहायला सांगितल्यात, कालनिर्णय तिनं घेतलंच, पण पहिल्याच पानाला अडली. म्हणाली, वहिनी, उठल्यावर तासाभरात उजेडात जायचं म्हणता, नाइटच्या आठवड्यात मी सकाळी नऊला झोपते आणि चारला उठते, तर मी सकाळ कुठली धरायची, उजाडल्यावरची का उठल्यावरची? आणि नाइटवरनं घरी येताना जे ऊन लागतं ते चालतं का नको? मला सांगता आलं नाही. शुक्रवारी मॅडमकडं जायचंय, चिठ्ठीवर लिहून घेतलंय, विचारून सांगते म्हटलं.